आमच्या हॉलमधून जाणारी पॅसेंजर

जगातल्या कुठल्याही गोष्टीला सत्त्याऐंशीने भागता येतं आणि भागल्यावर ती जास्त शहाणी दिसते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे. तो आमचा घरमालक आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. बनशंकरीतली आमची सगळी गल्ली त्यांना ‘रैलु अंकल’ म्हणते, आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर नवीन माणसाला पत्ता सांगताना ‘रैलु अंकलच्या घरानंतर डावीकडे’ असंच सांगतो. काका रेल्वेत कधीच नोकरीला नव्हते. पण काही माणसं देवळात न जाताही देवभक्त असतात, तसं त्यांचं आहे.

पुण्याहून बदली होऊन आम्ही दोघं बंगळूरला आलो आणि घर शोधत त्यांच्या दारात उभे राहिलो, तेव्हा घरमालक मराठी बोलतो या आनंदात मी बाकीचं काही नीट ऐकलंच नाही. बाकीचे घरमालक लग्न झालंय का, मांसाहार करता का, असलं विचारतात. काकांनी विचारलं, “रेल्वेचा आवाज चालतो ना?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. एक नारळ, दोन पाण्याच्या टाक्या आणि शेजारणीचं वाळत घातलेलं नेसूचं सोडून काही दिसत नव्हतं. “इथून रेल्वे जाते?” मी विचारलं.

“अजून नाही,” काका म्हणाले. “पण सर्व्हे झालाय.”

मग त्यांनी खिशातून टेप काढली, मला भिंतीला टेकून उभं केलं आणि माझी उंची घेतली. नंतर माझ्या बायकोची घेतली. मला वाटलं पंख्याची उंची वगैरे ठरवत असतील. काका टेप गुंडाळत म्हणाले, “तुम्ही दोन सेंटिमीटरला स्वल्प कमी. या त्याहून कमी. बसतील.” बायको मूळची नागपूरची आहे, ती असल्या गोष्टींना घाबरत नाही. ती म्हणाली, “काका, आम्हाला कशात बसायचं आहे?” काका आम्हाला माडीवर घेऊन गेले.

माडीवरच्या त्या मोठ्या खोलीत दुसरं काही नव्हतं, फक्त एक रेल्वे स्टेशन होतं. खानापूरच्या पलीकडे जंगलात एक लहानसं स्टेशन आहे. नाव सांगत नाही, कारण माझा उच्चार चुकतो आणि काका तो सुधारायला जिथे असतील तिथून येतात. तर रूळ आजच्यापेक्षा अरुंद होते आणि इंजिनं कोळशावर चालत होती, त्या काळातलं ते स्टेशन तिथे जसंच्या तसं उभं होतं. खऱ्याला सत्त्याऐंशीने भागलं की काकांचं. कौलारू इमारत, पाण्याची टाकी, एक हात वर करून उभा असलेला सिग्नल, फलाटावर बाक, बाकाखाली कुत्रं. रुळांखालची खडी खऱ्या दगडाची, चहाच्या गाळणीने गाळलेली. त्या गाळणीवरून पूर्वी घरात काय झालं होतं ते काकू अजून सांगतात. जमिनीवरची लाल माती थेट त्या स्टेशनातून पिशवीत भरून आणलेली. बंगळूरलाही लाल माती मिळते की, असं मी एकदा म्हणालो होतो. काकांनी माझ्याकडे, गंगाजलाऐवजी नळाचं पाणी चालेल का असं विचारणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

त्यांचं हे असं होण्यामागे त्यांची नोकरी आहे. उभी हयात त्यांनी एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. तयार माल मोजायचा आणि केसाएवढा फरक दिसला की बाजूला टाकायचा, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर माल यायचा थांबला, पण डोळा थांबला नाही. डोशाची एक कड जाड लागली की ते ताट हळूच पुढे सारून म्हणतात, “हा नापास.” काकू म्हणतात, “सरी, बरं. पुरवणी परीक्षा उद्या,” आणि तवा उतरवतात. काका मुकाट्याने नापास डोसा खातात.

पण स्वतःच्या रेल्वेत त्यांना नेमकं उलटं हवं असतं. तिथे काही नवं, स्वच्छ, चकचकीत दिसलं की त्यांचा जीव कासावीस होतो. नवा डबा करायला महिना लागतो आणि तो जुना करायला दोन. खिडकीखाली गंजाचे ओघळ, छपरावर काजळी, दाराशी पान खाऊन थुंकल्याचे शिंतोडे. हे सगळं ते भिंग लावून, दोनतीन केसांच्या कुंचल्याने रंगवतात. एकदा मी माडीवर असताना काकू फडकं घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मी सकाळपासून घरभर डाग काढत फिरतेय. आणि हेसुद्धा सकाळपासून बसून डागच काढतायत. नशीब एकेकाचं.”

फलाटावरचे प्रवासी म्हणजे आमची गल्लीच आहे. सगळ्यांची उंची घेतलेली, सगळे भागलेले. सोप्पू विकणारी अक्का पालेभाजीची टोपली घेऊन आहे, इस्त्रीवाला आहे, समोरचे निवृत्त प्रिन्सिपॉल छत्री घेऊन आहेत. काकूंनी उभं राहायला नकार दिला. “गुडघे दुखतात, मी नाही दिवसभर उभी राहणार,” म्हणाल्या. म्हणून त्यांच्यासाठी खास तो बाक आला. मी आणि बायको तिकिटाच्या खिडकीसमोर रांगेत आहोत, अगदी शेवटी. चार वर्षं झाली, रांग हललेली नाही. मी एकदा जरा पुढे घ्या म्हटलं, तर काका म्हणाले, “तुम्ही नंतर आलात.”

तर सर्व्हेबद्दल. स्टेशनच्या पुढे घाट लागतो. घाट म्हटला की चढ आला, आणि चढ हळूहळू चढवायचा तर लांबी लागते. माडीवरची खोली संपली तरी काकांचा घाट संपत नव्हता. पलीकडे आमचा हॉल होता. आम्ही राहायला आल्यानंतर पहिल्याच दिवाळीत काका फराळाचं ताट आणि ड्रिल मशीन एकदमच घेऊन आले. चकली छान होती. ती संपेपर्यंत भिंतीला दोन भोकं पडली होती, आणि आमच्या टीव्हीच्या वरून, छताखाली हातभर अंतर ठेवून, या भोकातून त्या भोकात जाणारी एक फळी बसली होती. फळीवर रूळ. “तुम्हाला काही त्रास नाही,” काका म्हणाले. “तुमचं घर म्हणजे बोगदा आहे.”

तेव्हापासून आम्ही बोगद्यात राहतो. एक पॅसेंजर सकाळी जाते, एक संध्याकाळी येते, मधे मालगाडी. त्रास खरंच काही नाही, फक्त आम्ही संध्याकाळी दिवे लावले की पलीकडून काकांचा नाराज आवाज येतो, “बोगद्यात ट्यूबलाइट?” एकदा घरून ऑफिसची मीटिंग चालू असताना माझ्या डोक्यामागून पॅसेंजर गेली. मी तिमाहीचं काम समजावून सांगत होतो. परदेशातल्या साहेबांनी मला थांबवलं आणि विचारलं, ती गाडी परत येईल का. येईल, पण संध्याकाळी, असं मी सांगितल्यावर त्यांनी उरलेली मीटिंग संध्याकाळी ठेवली.

मालगाडीचा खरा उपयोग काकूंनी शोधून काढला. आमच्याकडे यायचं तर घरातला जिना उतरून बाहेरचा चढायचा, आणि त्यांचे गुडघे तसे. एके दिवशी मालगाडीच्या उघड्या डब्यांतून कढीपत्ता आणि दोन लिंबं आमच्या हॉलमध्ये आली. बायकोने स्टुलावर चढून ती उतरवून घेतली आणि परतीच्या गाडीला नागपूरहून आलेल्या संत्र्याच्या बर्फीचा एक तुकडा लावला. हे काकांना कळलं तेव्हा ते दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. “या लाइनीवरून मँगनीज जायचं,” ते शेवटी म्हणाले. “लिंबं कधी गेली नाहीत.” काकू म्हणाल्या, “मँगनीज आमटीत घालता येत नाही.”

वेळेच्या बाबतीत मात्र काका माझ्यावर खूष नसतात. माझं ऑफिस बेळ्ळंदूरला. तिथून बनशंकरीला येईपर्यंत माणूस वयाने मोठा होतो. मी घामाघूम होऊन जिना चढताना काका दारात उभे राहून विचारतात, “कुठे अडकलात?” मी रिंग रोडवरच्या सिग्नलचं नाव सांगतो. काका मान हलवतात. “त्या वेळात आमची पॅसेंजर घाट चढून उतरली असती. आणि वरती चहा घेतला असता.” त्यांचीही गाडी उशिरा येते, नाही असं नाही. पण तो उशीर ठरवून, खऱ्या गाडीला त्या काळी जसा व्हायचा तसा केलेला असतो. एकदा मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांनी आरास म्हणून घाटाचा एक तुकडा मांडला होता. गाडी आली की आरती, असं ठरलं. गाडी आलीच नाही. अध्यक्ष आरतीचं ताट घेऊन उभे, लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत, आणि काका कर्ण्यातून शांतपणे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत सांगतायत की गाडी विलंबाने धावत आहे. निरांजनात दोनदा तूप घालावं लागलं. पुढच्या वर्षी मंडळाने थर्माकोलचा किल्ला केला.

हा एवढा अचूकपणाचा सोस असलेला माणूस आपल्या सख्ख्या मोठ्या भावाशी सहा वर्षं बोलत नव्हता, हे मला बरंच उशिरा कळलं. तेही काकूंकडून. मोठे काका, म्हणजे काकांचे दादा, रेल्वेत होते. ऐन तरुणपणी ते याच जंगलातल्या स्टेशनावर स्टेशन मास्तर होते, आणि शाळकरी काका सुट्ट्यांमध्ये त्यांच्याकडे राहायला जायचे. आई-वडील लवकर गेले होते. दादाच भाकरी थापायचा आणि दादाच गाडीला हिरवा बावटा दाखवायचा. काकांना अख्खं जग चालवणारा माणूस दिसला तो तोच. माडीवरचं स्टेशन उभं राहिलं, तेव्हा त्यांनी पहिला फोटो दादांना पाठवला. दादांचा फोन आला. शाबासकी नाही, काही नाही. ते म्हणाले, “चिंच चुकलीय.”

स्टेशनात चिंचेचं एक मोठं झाड होतं. काकांनी ते फलाटाच्या बाजूला लावलं होतं. दादांच्या मते ते रुळांच्या पलीकडे होतं.

“मी त्या चिंचेवर चढलोय,” काका म्हणाले.

“मी तिच्याखाली नोकरी केलीय,” दादा म्हणाले.

एवढ्यावरून बोलणं बंद झालं. पुराव्याची सोय नव्हती. मोठे रूळ आले तेव्हा जुनं स्टेशन पाडलं, झाड त्याच्याही आधी गेलं होतं. चुलत पुतणीच्या लग्नात दोघं भाऊ मांडवाच्या दोन टोकांना बसले आणि जेवणाच्या पंगतीतही एकमेकांकडे पाठ करून जेवले. “भाऊ भाऊ जमिनीवरून भांडतात हे ऐकलं होतं,” काकू मला म्हणाल्या. “यांच्याकडे जमीनच नाही. म्हणून झाडावरून.”

गेल्या वर्षी मोठ्या काकांना कानाच्या तपासणीसाठी बंगळूरला यायचं होतं. काकूंनी जाऊबाईंशी परस्पर बोलून घेतलं आणि जेवताना काकांना सांगितलं, “भाऊजी येतायत रविवारी. इथेच उतरतील. आमटी घेणार का अजून?” काकांनी आमटी घेतली नाही. शनिवारी दुपारी मी माडीवर डोकावलो तर काका खाली वाकून चिमट्याने चिंच उपटत होते. त्या झाडाची पानं त्यांनी एकेक करून चिकटवली होती, मुळं जमिनीत पक्की बसवली होती. ती निघता निघत नव्हती. शेवटी जमिनीचा टवका घेऊनच झाड वर आलं. काकांनी ते रुळांच्या पलीकडे लावलं, आधीच्या जागी लाल माती भरली, बोटाने दाबली. मला पाहून म्हणाले, “म्हातारा माणूस आहे. त्याला स्वल्प बरं वाटू दे.” केसाएवढ्या फरकावरून डोसा नापास करणारा माणूस जाणूनबुजून चुकीच्या जागी झाड लावत होता.

रविवारी मोठे काका आले. काकांसारखेच दिसतात, फक्त जरा जास्त वापरलेले. दोघं भाऊ एकमेकांशी ‘प्रवास कसा झाला’ आणि ‘बरा झाला’ एवढंच बोलले. मग सगळे माडीवर गेलो. मोठे काका स्टेशनासमोर उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. सिग्नल पाहिला, टाकी पाहिली, आपली स्टेशन मास्तरची खिडकी पाहिली, तिथे बराच वेळ थांबले. मग त्यांची नजर झाडावर गेली.

“चिंच चुकलीय,” ते म्हणाले.

काकांचा हात चिमट्याकडे गेला.

“तू आधी लावली होतीस तिथेच बरोबर होती,” मोठे काका म्हणाले. “मी इतकी वर्षं विचार केला. दुपारी फलाटावर तिची सावली यायची. पलीकडे असती तर सावली कशी येईल? माझंच चुकलं.”

आता कुणाही सामान्य माणसाने भावाला मिठी मारली असती. काका म्हणाले, “नाही दादा. तुझंच बरोबर होतं. पलीकडेच होती.”

“फलाटावर होती म्हणतोय ना मी.”

“तू तिथे नोकरी केलीस. मी लहान होतो, मला काय कळतंय?”

“लहान होतास, पण चढायचास तूच की. मी कधी चढलो?”

जेवण होईपर्यंत हेच चाललं. आवाज चढले. आधी दोघं आपापल्या बाजूने भांडत होते, आता एकमेकांच्या बाजूने भांडत होते, आणि हे जास्त कडू होतं, कारण कुणीच हरायचं सोडत नव्हतं. श्रीखंड पातेल्यातच राहिलं. शेवटी काकू उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवत जिना चढून वर गेल्या, आणि चिंच उपटून घेऊन खाली आल्या. त्यांनी ती फ्रिजवर, पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवली. “आता त्या स्टेशनात चिंच नव्हती,” त्या म्हणाल्या. “वाटीत श्रीखंड घ्या.” दोघांनी घेतलं. थोड्या वेळाने मोठे काका हसायला लागले, मग काकाही. हसता हसता काकांनी पंच्याने डोळे पुसले ते जरा जास्तच वेळ पुसले.

त्यानंतर मोठे काका पंधरवडाभर राहिले आणि माडीवरची रेल्वे काकांच्या हातातून गेली. मोठ्या काकांनी स्टूल ओढून स्टेशनापाशी ठाण मांडलं आणि जाहीर केलं की एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाचा ‘लाइन क्लियर’ असल्याशिवाय, म्हणजे रूळ मोकळा असल्याचं कळल्याशिवाय, गाडी सुटणार नाही. पुढच्या स्टेशनाचे मास्तर तेच. मागच्याचेही तेच. काका स्वतःच्या घरात, स्वतःच्या गाडीचं बटण हातात धरून परवानगी मागत उभे राहायचे. “दादा, सोडू?” “थांब. बोगद्यात मालगाडी आहे.” मालगाडी आमच्या टीव्हीवर उभी असायची, आणि माझी बायको ओरडून सांगायची की लिंबं केव्हाच उतरवली आहेत. नियम म्हणजे नियम, मोठे काका सगळ्यांना ताटकळत ठेवायचे. मी काकांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

कानाला मशीन बसवून मोठे काका खानापूरला परत गेले. पण लाइन क्लियर राहिलं. रोज संध्याकाळी पॅसेंजर घाट उतरून बोगद्याच्या तोंडाशी आली की काका खानापूरला फोन लावतात. “दादा, गाडी आलीय.” पलीकडून कधी ताबडतोब परवानगी मिळते, कधी दादा चहा पीत असतात आणि गाडी थांबते. तपशील विचारायला जाऊ नये. मी एकदा विचारलं होतं की खानापुरात बसून त्यांना इथला रूळ मोकळा आहे हे कसं कळतं. काका म्हणाले, “त्याला कळतं.”

गेल्या महिन्यात एक दिवस मी बेळ्ळंदूरहून आलो तर पॅसेंजर आमच्या हॉलमध्ये, भोकातून अर्धी बाहेर येऊन उभी होती. बायको म्हणाली, “मी आल्यापासून अशीच आहे.” मी पलीकडे गेलो. काका फोनसमोर बसले होते. काकूंनी ताट वाढून ठेवलं होतं, त्यावर दुसरं ताट झाकलं होतं.

“उचलत नाहीये,” काका म्हणाले.

“वहिनींना लावला का?”

“ती मुलाकडे गेलीय पुण्याला. तो एकटाच आहे.”

“झोपले असतील. काका, तोवर गाडी तरी सोडा. आत नेऊन ठेवा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “लाइन क्लियर नाही,” ते म्हणाले.

काकू येऊन त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी मला खुणेनेच बसायला सांगितलं. आम्ही तिघं बसून राहिलो. काकांनी पुन्हा लावला, पूर्ण वाजू दिला, ठेवला. मग दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसले. तो सत्तरीचा माणूस त्या क्षणी सुट्टीत आलेल्या मुलासारखा दिसत होता, ज्याचा दादा ड्यूटीवरून अजून परतलेला नाही.

आणि फोन वाजला. काकांनी तो उचलला. पलीकडून मोठ्या काकांचा आवाज खोलीभर ऐकू आला. मशीन काढून ठेवलं की ते मोठ्याने बोलतात.

“अरे, कानातलं काढून जरा आडवा झालो होतो. डोळा लागला. आता बघतोय तर तुझे एवढे फोन. काय झालं?”

“काही नाही,” काका म्हणाले. “गाडी उभी आहे.”

“मग सोड की.”

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “दादा, गाडीला उशीर झाला तर चालतो,” ते म्हणाले. “फोन मात्र उचलत जा.”

मला वाटलं, दादांना ऐकूच गेलं नसावं. मग त्यांचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीतला.

“जेवलास का तू?”

“नाही.”

“मग आधी जेवून घे जा. गाडीकडे मी बघतो.”

काकांनी फोन बंद न करता तसाच पाटाशेजारी ठेवला आणि ते हात धुवायला उठले. काकूंनी वरचं ताट काढलं. गाडी आमच्या हॉलमध्ये उभीच होती, आणि तिकडे खानापुरात एक म्हातारा माणूस फोन कानाला धरून, धाकटा भाऊ जेवून उठेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवून होता.